शब्दओळख : 'पेटी' म्हणजे छोटे की क्षुद्र?



या सदरात आम्ही दर महिन्याला एक इंग्रजी शब्द घेतो आणि घरातल्या सगळ्यांना, म्हणजे दहावीच्या मुलापासून त्याच्या दादीपर्यंत, समजेल अशा रीतीने तो सोडवून पाहतो. या महिन्याचा शब्द आहे 'पेटी'. स्पेलिंग पी-ई-टी-टी-वाय. उच्चार जवळजवळ आपल्या लोखंडी पेटीसारखाच, फक्त शेवटची 'टी' आखूड. शब्दकोश उघडला की पहिल्याच ओळीत 'क्षुल्लक, किरकोळ' असा अर्थ मिळतो. मुले तेवढा पाठ करतात आणि वाक्यात वापरायची वेळ आली की फसतात. शब्दकोश खोटे सांगत नाही, पण या शब्दाला दोन तोंडे आहेत आणि पाठांतरात त्यातले एकच हाती लागते.

शब्द निवडण्याचे खरे कारण मात्र शाळेची परीक्षा नाही. हल्ली इंग्रजी माध्यमात शिकणारी मुलगी वादावादीत आईला सहज म्हणून जाते, "डोन्ट बी सो पेटी, अम्मी." अम्मीला एवढे कळते की कशाला तरी छोटे म्हटले गेले. कशाला, ते कळत नाही. विषय छोटा म्हणाली, की मला छोटी म्हणाली? या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि हे अंतर समजले की हा शब्द समजला.

घरात आधीच येऊन बसलेला शब्द

'पेटी' आपल्याला वाटतो तितका परका नाही. परकराला आपल्याकडे अनेक घरांत 'पेटीकोट' म्हणतात. हा शब्द 'पेटी' आणि 'कोट' यांचाच जोड आहे. आज तो बायकांचा कपडा असला तरी सुरुवातीला तो पुरुषांचा होता. बाहेरच्या अंगरख्याच्या आत घालायचा छोटा कोट, तो 'पेटी कोट'. पुढे तो बायकांच्या घागऱ्याखालच्या वस्त्राचे नाव झाला आणि इंग्रजांबरोबर आपल्या कपाटात आला. इथे 'पेटी' म्हणजे निव्वळ छोटा. क्षुल्लक नव्हे, हलका नव्हे.

दुसरी जागा म्हणजे दुकान आणि ऑफिस. 'पेटी कॅश' हा शब्द ऐकला की अनेकांना गल्ल्याची पेटी आठवते. मुंबईच्या बोलीत तर एक पेटी म्हणजे एक लाख, त्यामुळे गंमत आणखी वाढते. पण या 'पेटी'चा ना गल्ल्याशी संबंध आहे, ना लाखाशी. चहा, रिक्षाभाडे, टपाल, झेरॉक्स अशा बारीक खर्चासाठी वेगळी काढून ठेवलेली रोकड ती पेटी कॅश. अकरावीच्या हिशेबाच्या पुस्तकात तिच्या वहीला 'किरकोळ रोख पुस्तक' म्हणतात. तिची रीत घरालाही उपयोगी आहे. महिन्याच्या सुरुवातीला ठरलेली रक्कम, समजा 2000 रुपये, एका हाती द्यायची. महिनाभरात 1640 रुपये खर्च झाले आणि त्यांच्या पावत्या आहेत, तर पुढच्या महिन्याला नेमके 1640 रुपयेच भरायचे, म्हणजे रक्कम पुन्हा 2000 होते. हातातली रोकड आणि पावत्या यांची बेरीज कधीही 2000 च यायला हवी. खर्च छोटा आहे म्हणून हिशेब सोडून द्यायचा नसतो. उलट छोट्या खर्चाचाही हिशेब राहावा म्हणून ही वेगळी वही.

तिसरी जागा बांधकामाची. 'पेटी कंत्राटदार' हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत नेहमी असतो. रस्त्याचे किंवा इमारतीचे मोठे काम घेतलेला कंत्राटदार त्याचा एखादा तुकडा दुसऱ्या छोट्या कंत्राटदाराला देतो, तो पेटी कंत्राटदार. हाही इंग्रजी 'पेटी'च. आपल्या समाजातले किती गवंडी, रंगारी, फरशीवाले, वायरमन या पेटी कंत्राटदारांच्या हाताखाली काम करतात, ते सांगायला नको. काम झाल्यावर तो पैसे बुडवून पसार झाला तर कामगाराने कोणाकडे जायचे? 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने याचे उत्तर दिले होते. त्या कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या कामावर कंत्राटदाराने मजुरी दिली नाही, तर ती देण्याची जबाबदारी ज्याच्यासाठी काम चालले आहे त्या मुख्य मालकावर येते, आणि त्याने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायची असते. 2020 च्या नव्या कामगार संहितेतही हे तत्त्व कायम ठेवले आहे. कंत्राटदार 'पेटी' असला तरी मजुरी 'पेटी' होत नाही, एवढे प्रत्येक कामगाराच्या घरी माहीत असावे.

मूळ कुठले?

शब्दाचे मूळ फ्रेंच आहे. तिथे त्याचा साधा अर्थ 'लहान'. इंग्लंडवर 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने ताबा मिळवला आणि पुढे दीर्घकाळ दरबाराची आणि कायद्याची भाषा फ्रेंच राहिली. आपल्याकडे फारसीमुळे जसे दिवाणी, फौजदारी, जामीन, वकील हे शब्द मराठीत मुरले, तसेच तिकडे फ्रेंच शब्द इंग्रजीत मुरले. त्यातलाच हा एक.

सुरुवातीला त्यात अपमान नव्हता. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये 'पेटी स्कूल' असत. मोठ्या शाळेत जाण्याआधी लहान मुले तिथे अक्षरओळख आणि वाचन शिकत. म्हणजे आपली बालवाडी. तिला कोणी क्षुद्र शाळा म्हणत नव्हते.

आरमारात तर आजही हा शब्द मानाने वापरला जातो. 'पेटी ऑफिसर' हा भारतीय नौदलातला हुद्दा लष्करातल्या हवालदाराच्या बरोबरीचा आहे. त्याच्या वर चीफ पेटी ऑफिसर आणि मास्टर चीफ पेटी ऑफिसर. वर्षानुवर्षांच्या नोकरीनंतर आणि परीक्षांनंतर हा हुद्दा मिळतो. 4 डिसेंबर 2023 रोजी मालवणजवळ सिंधुदुर्ग येथे झालेल्या नौदल दिनाच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी नौदलातल्या हुद्द्यांना भारतीय परंपरेनुसार नावे देण्याची घोषणा केली होती. कोकणातल्या आपल्या अनेक घरांचे पोट पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर चालत आले आहे. त्यांना सांगायला नको, की जहाजावर छोट्या हुद्द्याच्या माणसावाचून मोठ्या हुद्द्याच्या माणसाचे पान हलत नाही.

आणि हे फक्त इंग्रजीतच घडते असे नाही. आपण ज्या 'क्षुल्लक' शब्दाने पेटीचा अर्थ सांगतो, तोच पाहा. कोल्हापूर-सांगलीकडे ज्यांचे जैन शेजारी आहेत त्यांना ठाऊक असेल, की दिगंबर जैन पंथात 'क्षुल्लक' ही त्यागी साधकाची पायरी आहे. मुनिपदाच्या अलीकडची, मोजकी वस्त्रे बाळगणारी. तिथे 'क्षुल्लक महाराज' आले की लोक आदराने उठून उभे राहतात. अर्थ तोच, 'लहान'. एका ठिकाणी त्याला मान आहे, दुसरीकडे आपण तोच शब्द टाकाऊ गोष्टीला लावतो.

बारा पेन्सचा हिशेब

या शब्दावर एकेकाळी माणसाचा जीव अवलंबून असे. जुन्या इंग्रजी कायद्यात चोरीचे दोन प्रकार होते. बारा पेन्सपर्यंतच्या, म्हणजे एका शिलिंगपर्यंतच्या मालाची चोरी ती 'पेटी' चोरी. त्याहून जास्त किमतीची ती 'ग्रँड' म्हणजे मोठी चोरी. मोठ्या चोरीला फाशी सांगितलेली होती. पेटी चोरीला फटके, आणि पुढे काळ्या पाण्यासारखी हद्दपारी. ही बारा पेन्सची रेघ मध्ययुगात, तेराव्या शतकाच्या सुमारास, आखली गेली आणि शेकडो वर्षे तशीच राहिली. मधल्या काळात महागाई वाढत गेली. पूर्वी बारा पेन्समध्ये बरेच काही येई, नंतर तेवढ्यात फारसे काही येईनासे झाले. म्हणजे कायद्याचे शब्द तेच राहिले आणि फाशीचा फास मात्र गरिबांच्या अधिकाधिक जवळ येत गेला.

तेव्हा पंचांनी, म्हणजे ज्यूरीने, एक वाट काढली. चोरी तर झाली आहे, पण एवढ्यासाठी माणसाला फासावर चढवायचे त्यांच्या मनाला पटेना. मग ते निकाल देत, की चोरी झाली, पण मालाची किंमत दहा पेन्स किंवा अकरा पेन्स. समोर मालाची खरी किंमत जास्त दिसत असे, तरी. अठराव्या शतकातला प्रसिद्ध कायदेपंडित ब्लॅकस्टन याने याला एक प्रकारची पुण्याची खोटी साक्ष म्हटले आहे. 'पेटी' हा शब्द इथे दयेची पळवाट झाला. अखेर 1827 साली चोरीचा हा छोटा-मोठा भेदच कायद्यातून काढून टाकण्यात आला.

याच कायद्यातली उलटी बाजूही आहे. राजाशी द्रोह तो 'हाय ट्रीझन'. आणि नोकराने मालकाचा, किंवा बायकोने नवऱ्याचा खून केला तर तो 'पेटी ट्रीझन', म्हणजे छोटा राजद्रोह. 1351 च्या कायद्यात त्याची व्याख्या आहे. नवऱ्याने बायकोचा खून केला तर तो नुसता खून, पण बायकोने केला तर द्रोह, आणि तिला 1790 पर्यंत जाळण्याची शिक्षा होती. हा वेगळा गुन्हा 1828 साली रद्द झाला. शब्द 'छोटा' आणि शिक्षा चितेची! म्हणून 'पेटी' दिसला की गोष्ट हलकी आहे असे समजू नये. कोणाच्या तुलनेत छोटी, हे आधी विचारावे.

आपल्या कायद्यातला 'पेटी'

हा धडा आपल्या मुलांसाठी जुना झालेला नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांतही 'पेटी' आहे, आणि तोही दोन तोंडांचा.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 'पेटी ऑफेन्स' म्हणजे ज्याला फक्त दंडाची शिक्षा आहे आणि तो दंड 5000 रुपयांपेक्षा जास्त नाही असा गुन्हा. आधीच्या कायद्यात ही मर्यादा 1000 रुपये होती. मोटार वाहन कायद्याखालचे गुन्हे या व्याख्येत येत नाहीत. अशा प्रकरणात न्यायालयात न जाता गुन्हा कबूल करून दंड पाठवून देण्याची सोय आहे. सोय चांगली आहे. पण गुन्हा कबूल केला म्हणजे दोषी ठरलो, हे तरुणांनी लक्षात ठेवावे. नोकरीच्या अर्जावर 'आपणास कधी दोषी ठरवले गेले आहे काय?' असा रकाना पुढे समोर आला, तर तिथे 'पेटी होता' हे उत्तर नसते. म्हणून समन्स आले की घरात कोणाला न सांगता घाईने दंड भरून मोकळे होण्याआधी एखाद्या वकिलाला कागद दाखवावा.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 112 मध्ये तर 'पेटी ऑर्गनाइज्ड क्राइम' असा गुन्हा आहे. टोळीतल्या किंवा गटातल्या माणसाने केलेली चोरी, हिसकावणे, फसवणूक, तिकिटांची बेकायदा विक्री, बेकायदा सट्टा-जुगार, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांची विक्री, असे प्रकार त्यात येतात. शिक्षा किती? कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद, शिवाय दंड. फुटलेला पेपर मित्रांच्या मदतीने विकून चार पैसे मिळवणाऱ्या मुलाला ही 'छोटी' गोष्ट वाटते. कायद्याने नावही 'छोटी' असेच ठेवले आहे, पण आयुष्यातली सात वर्षे छोटी नसतात.

याच संहितेत दयेची वाटही ठेवली आहे. एखाद्याला पहिल्यांदाच चोरीसाठी दोषी ठरवले, चोरीचा माल 5000 रुपयांपेक्षा कमी किमतीचा आहे आणि त्याने तो किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा देण्याची तरतूद आहे. त्या जुन्या पंचांना जे चोरवाटेने करावे लागले, ते इथे कायद्यानेच उघडपणे केले आहे.

वस्तूवरून मनाकडे

आता अम्मीच्या प्रश्नाकडे येऊ. हळूहळू 'पेटी' हा शब्द वस्तूंवरून माणसांवर गेला. आधी अर्थ होता 'लहान', मग झाला 'कमी दर्जाचा', मग 'क्षुल्लक', आणि शेवटी 'क्षुल्लक गोष्टीत अडकून पडणारा, कोत्या मनाचा'. आज बोलण्यात हाच शेवटचा अर्थ सर्वांत जास्त चालतो. 'पेटी जेलसी' म्हणजे कोता मत्सर. 'पेटी पॉलिटिक्स' म्हणजे क्षुद्र राजकारण. 'पेटी माइंडेड' म्हणजे संकुचित मनाचा. त्याचे नाम 'पेटिनेस', म्हणजे कोतेपणा.

म्हणून नियम सोपा आहे. 'पेटी' शब्द कॅश, ऑफिसर, कंत्राटदार, गुन्हा अशा ठरावीक नावांना लागला, तर अर्थ 'छोटा' किंवा 'खालच्या पायरीचा'. माणसाला, त्याच्या वागण्याला, भांडणाला लागला, तर अर्थ 'क्षुद्र', आणि तो टोमणाच असतो. 'डोन्ट बी पेटी' याचा मराठी अर्थ 'छोटी होऊ नकोस' नव्हे, 'कोत्या मनाने वागू नकोस' असा आहे. हे मैत्रिणीला म्हणता येईल, आईला म्हणण्याआधी दोनदा विचार करावा. मुले हल्ली मोबाइलवर एकमेकांना 'आय ॲम बीइंग पेटी' असे हसत म्हणतात, म्हणजे 'मी मुद्दाम बारीकसा सूड उगवतेय' अशी थट्टा. पण थट्टा बरोबरीच्यांत चालते. इंग्रजीत बोलले म्हणून नाते बदलत नाही. उर्दूत किंवा मराठीत जे वाक्य मोठ्यांसमोर तोंडातून निघणार नाही, ते इंग्रजीतही निघू नये.

एक भगिनी शब्द सांभाळून ठेवा. कोणी 'पेटी बूर्झ्वा' म्हटले तर रागावू नका. मार्क्सवादी लिखाणात छोटे दुकानदार, स्वतःची हत्यारे असलेले कारागीर यांच्या वर्गाला ते नाव आहे. त्यात 'पेटी' म्हणजे छोट्या मालमत्तेचा. पण ते वाद घालताना अनेकदा टोमण्यासारखेही फेकले जाते. शब्दाची दोन तोंडे इथेही दिसतात.

मामुली आणि नाचीज

आपल्या घरांत क्षुल्लकपणासाठी शब्दांची कमी नाही. त्यातला 'मामुली' पाहा. तो अरबी 'अमल' याच्या कुळातला. अमल म्हणजे काम, कृती. मामूल म्हणजे जे नेहमी केले जाते ते, रिवाज. रोजचे म्हणून साधे, साधे म्हणून किरकोळ, असा तो खाली उतरत गेला. मराठीतले अंमल, अंमलबजावणी, मामला, मामलेदार हेही याच कुळातले. म्हणजे 'मामुली' आणि तालुक्याचे 'मामलेदार' हे एकमेकांचे नातलग आहेत!

'नाचीज' हा फारसी शब्द. 'चीज' म्हणजे वस्तू, 'ना' म्हणजे नसलेली. जे काहीच नाही ते. 'हकीर' तसाच. पण आपल्या तहजीबीत हे शब्द कोणासाठी वापरतात? स्वतःसाठी. 'हा नाचीज हाजिर आहे' असे माणूस स्वतःबद्दल म्हणतो. स्वतः दिलेल्या भेटीला 'मामुली तोहफा' म्हणतो. दुसऱ्याने दिलेल्या भेटीला तसे म्हणणारा बेअदब ठरतो. इंग्रजीतला 'पेटी' याच्या उलट चालतो. तो बहुतेक दुसऱ्यासाठीच असतो. म्हणून इंग्रजीत नम्रपणे भेट देताना 'पेटी गिफ्ट' असे चुकूनही लिहू नये. तिथे 'स्मॉल गिफ्ट' लिहावे. मुलांच्या पत्रलेखनात ही चूक हमखास होते, कारण शब्दकोशात 'मामुली' समोर 'पेटी' दिसते.

कुठे कोणता शब्द?

क्षुल्लकपणाचे इंग्रजी शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. काही जागा सांगतो.

मुलाला किरकोळ दुखापत झाली, तर 'मायनर इंज्युरी'. 'पेटी इंज्युरी' नव्हे.

दोन दुकानांतल्या भावात नगण्य फरक आहे, इतका की हिशेबात धरायला नको, तर 'नेग्लिजिबल डिफरन्स'.

प्रश्न फारच साधा, महत्त्व नसलेला आहे, तर 'ट्रिव्हियल क्वेश्चन'. लॅटिनमध्ये तीन रस्ते मिळतात त्या नाक्याला जो शब्द आहे, त्याच्याशी याचे नाते आहे.

दिवसभर राबून हाती तुटपुंजी मजुरी पडली, तर 'पॉल्ट्री वेजेस'. उच्चार जपून करावा, 'पोल्ट्री' म्हटले तर कोंबड्या येतील.

नुकसान अगदी अल्प आहे, तर 'स्लाइट हार्म'.

आणि शेजारणीने वाळत घातलेले कपडे चार बोटे आपल्या बाजूला आले म्हणून दोन कुटुंबे सहा महिने बोलत नाहीत, तर ते 'पेटी क्वॉरल'.

भांडण पेटी हे ठरवायचे कोणी?

शेवटची आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. 'अल्प नुकसान' हा शब्दही कायद्यात आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 95 होते, तेच आता न्याय संहितेत कलम 33 आहे. त्याचा आशय असा, की एखाद्या कृत्याने झालेले नुकसान इतके अल्प असेल की साधारण समजेचा आणि साधारण स्वभावाचा माणूस त्याची तक्रार करणार नाही, तर ते कृत्य गुन्हा नव्हे. हा कायदा रचताना मेकॉले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उदाहरण दिले होते, की दुसऱ्याच्या दौतीत टाक बुडवणे ही शब्दशः पाहिली तर चोरीच ठरेल. अशा गोष्टी न्यायालयात येऊ नयेत म्हणून हे कलम.

पण अल्प म्हणजे किती? मुंबईतल्या एका इमारतीतल्या भांडणाचे प्रकरण 1966 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. भांडणात कागदांची फाइल फेकली गेली होती आणि एकाच्या कोपराला ओरखडा आला होता. न्यायालयाने त्या प्रकरणात नुकसान अल्प मानले. पण त्याबरोबर हेही सांगितले, की नुकसान क्षुल्लक आहे की नाही हे नुसत्या जखमेच्या मापावरून ठरत नाही. दोघांची परिस्थिती काय, नाते काय, करणाऱ्याला काय माहीत होते आणि त्याचा हेतू काय होता, हे सगळे पाहावे लागते.

घरासाठी याहून चांगले माप आम्हाला सुचत नाही. नव्या सुनेसाठी जेवण झाकून ठेवायचे राहून गेले. एकदा राहिले, तर त्याची तक्रार करणे 'पेटी' म्हणता येईल. रोज राहते, आणि ठेवणाऱ्याला माहीत असते, तर जेवणाचे ताट तेवढेच असले तरी ती गोष्ट 'पेटी' राहत नाही. दोन भावांपैकी एकाच्या मुलाला ईदी नेहमी कमी मिळते. रक्कम 'नेग्लिजिबल' असेल, पण मुलाच्या मनात त्याची नोंद होते. आणि म्हाताऱ्या दादीला कोणी न विचारता तिचा पानदान हलवला, तर घरातले म्हणतात 'एवढ्याशा गोष्टीवर काय रुसायचे?' तिच्या ताब्यात घरातली तेवढी एकच गोष्ट उरली असेल, तर ती एवढीशी नसते.

दुसऱ्याच्या दुःखाला 'पेटी' म्हटले की ते दुःख संपत नाही, फक्त त्याचे बोलणे बंद होते. ज्याच्याकडे पुष्कळ आहे त्याला गोष्ट छोटी दिसते, ज्याच्याकडे थोडे आहे त्याला तीच मोठी दिसते. म्हणून हा शब्द आपल्या स्वतःच्या रागावर आधी लावून पाहावा. 'मी ज्यावर अडून बसलो आहे ते पेटी आहे काय?' असे स्वतःला विचारले तर अनेक घरांत आठवडाभर बंद असलेले दार उघडेल. दुसऱ्याच्या तक्रारीवर मात्र तो लावण्याआधी तिचे पूर्ण ऐकून घ्यावे.

मुलांसाठी सराव

खालच्या वाक्यांत पेटी, मायनर, नेग्लिजिबल, पॉल्ट्री, स्लाइट यांपैकी योग्य शब्द भरा. घरातल्या मोठ्यांना विचारायला हरकत नाही.

1. चहा आणि रिक्षासाठी ऑफिसात ठेवलेली ... कॅश.
2. अपघातात अब्बांना ... दुखापत झाली.
3. वजनात फक्त दोन ग्रॅमचा, म्हणजे ... फरक निघाला.
4. बारा तास विणकाम करून ... मजुरी हाती पडली.
5. मामांचा मोठा भाऊ नौदलात ... ऑफिसर आहे.
6. चेंडू लागून कुंडीला एक बारीकसा टवका गेला, म्हणजे ... नुकसान झाले.

उत्तरे : 1. पेटी, 2. मायनर, 3. नेग्लिजिबल, 4. पॉल्ट्री, 5. पेटी, 6. स्लाइट.

पाचव्या वाक्यात ज्या मुलाने 'पेटी' लिहिले, त्याला एक प्रश्न जरूर विचारा : "मग तुझे मामू क्षुल्लक आहेत काय?" त्याने 'नाही' म्हणून कारण सांगितले, तर त्याला हा शब्द खऱ्या अर्थाने आला. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, नवा शब्द घेऊन भेटू.